बीपीएमची वही

प्रश्न : माझा मुलगा यंदा बारावी सायन्सला ६८ टक्के मिळवून पास झाला. चार वर्षं ड्रम्स शिकतो. त्याला डेथ मेटल, ब्लॅक मेटल म्हणतात ते संगीत आवडतं. इंजिनीअरिंगचा आग्रह मी सोडला, पण जे करायचं ते अव्वल करावं, एवढीच माझी अट आहे. खाणीवर मशिनरी विभागात होतो, २०१८ ला घरी बसलो, आता एका गॅरेजवर आहे. मुलाच्या डबल पेडलचा (दोन्ही पायांनी मोठा ड्रम वाजवायचं पेडल) वेग मी रोज वहीत लिहितो. जानेवारीत १८० बीपीएम (मिनिटाला मात्रा) होता, आता २३० वर आणलाय. दीड वर्षात ड्रम्सच्या परीक्षेची आठवी ग्रेड आणि २६० असं ठरलं होतं. आता तो म्हणतो, वेगात आत्मा नसतो. म्हापशाच्या मुलांबरोबर बॅण्ड केलाय, त्यात सगळं संथ आणि कच्चं वाजवतात. नडगी दुखते असं कारण सांगून सराव टाळतो. परवा तर म्हणाला, पोस्टात नोकरी लागली तरी चालेल! दोन क्लिप पाठवत आहे. मी स्वतः भजनात पखवाज वाजवतो, तेव्हा संगीतातलं थोडंफार कळतं. परदेशात कुठला कोर्स बघावा, आणि याला कसं समजवावं? (एक पालक, डिचोली)

उत्तर :

तुमचं पत्र दोनदा वाचलं. टक्क्यांना एक वाक्य आणि वेगाला अर्धं पत्र. माझ्याकडे येणारे पालक बहुतेक टक्क्यांची वही ठेवतात. तुम्ही इंजिनीअरिंगचा आग्रह सोडलात असं लिहिता, पण आग्रह कुठे सुटलाय? फिजिक्सच्या मार्कांच्या जागी बीपीएम आले, एवढंच. मुलगा ज्या खोलीत अभ्यासापासून पळून जाऊन बसायचा, तिथेही तुम्ही तक्ता लावलात.

हे कडक वाटलं तर रागावू नका. वही कुठून आली ते मला दिसतंय. शिफ्टला किती फेऱ्या, किती टन, किती डिझेल, मशीन किती तास चाललं, हे लिहिण्यात तुमची वर्षं गेली. मग २०१२ मध्ये खाणी थांबल्या, कशाबशा सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली-साखळीकडच्या घरांमध्ये त्या दोन तारखा अजून जेवायला बसतात. त्यानंतर ज्याच्यावर विश्वास ठेवता येईल असा आकडा माणूस शोधणारच. फक्त तो मुलाच्या घोट्यात शोधू नका.

आता पोस्टाच्या नोकरीबद्दल. तुम्ही ते हताशपणाचं लक्षण म्हणून लिहिलंत आणि मला वाचताना हसू आलं. नॉर्वेत डार्कथ्रोन नावाचा बॅण्ड आहे. त्याचा ड्रमर फेनरिझ बॅण्ड जगभर गाजत असतानाही टपाल खात्यात नोकरी करत राहिला. १९९१ मधला त्यांचा पहिला अल्बम गुंतागुंतीचा, तांत्रिक डेथ मेटलचा होता. पुढच्याच वर्षी त्यांनी ते सगळं टाकून दिलं आणि कच्च्या, खरखरीत ब्लॅक मेटलकडे वळले. १९९४ च्या अल्बममधली सगळी वाद्यं या माणसानं एकट्यानं वाजवली. त्यातल्या एका गाण्यात तर ड्रमचा ठेका सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ हलतच नाही. ऐकणाऱ्याला आधी कंटाळा येतो, मग कधीतरी बर्फात चालत असल्यासारखं वाटायला लागतं. तुमच्या मुलाला हे सगळं ठाऊक असणार. तो तुम्हाला सांगत होता की पोट एका कामावर भरेन आणि वाजवेन ते माझ्या मनाचं. बारावीच्या पोराच्या मानानं हा बराच व्यवहारी विचार आहे. ग्रामीण डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते, हेही त्यानं एव्हाना बघून ठेवलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

वेगाचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण मुळातला गैरसमज तिथे आहे. तुम्ही तंत्र आणि वेग एकच समजता. २४० बीपीएमला प्रत्येक मात्रेचे चार भाग धरले तर सेकंदाला सोळा ठोके होतात, म्हणजे एकेका पायाला आठ. असं वाजवणारी माणसं जगात आहेत, त्यांच्या कष्टाला मी नमस्कार करते. पण ज्या रेकॉर्ड ऐकून असे आकडे ठरतात, त्यांतल्या अनेकांमध्ये किक ड्रमवर, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमवर, ट्रिगर (ठोका पडताच ठरलेला आवाज काढणारं उपकरण) लावलेला असतो. पाय हलका पडो की जड, आवाज एकाच मापाचा निघतो. वर संगणकावर प्रत्येक ठोका रेघेवर नेऊन बसवलेला असतो. म्हणजे तुम्ही पोराची शर्यत यंत्राशी लावली आहे, आणि यंत्र काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. ठोक्याचं वजन, दोन ठोक्यांमधली जागा, गिटारवाला किंचित मागे पडला तर त्याला न कळू देता सावरून घेणं, हळू वाजवतानाही ताण टिकवणं, हे सगळं तंत्रच. वहीत त्याला रकाना नाही.

आणि पखवाजाचं काय? भजनी सप्ताहात तुम्हाला पारावर बोलावतात ते तुमचा वेग मोजून? चवथीला घुमट आरती चढत जाते तेव्हा लय दुप्पट होते, घुमट, शामेळ, कासाळे सगळे एकदम धावतात, अंगावर काटा येतो. पण तो येतो सगळे एकत्र पोचतात म्हणून. एकटा घुमटवाला आधी पोचला तर लोक त्याच्याकडे वळून बघतात, आणि ते बघणं कौतुकाचं नसतं. लयीच्या गणिताचं वेड आपल्या मातीला नवं नाही. तबलावादक लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर हातापायांवर एकाच वेळी वेगवेगळ्या लयी धरत, असं जुनी माणसं सांगत आली. ड्रमर आणखी काय करतो? पण लयभास्कर ही पदवी लयीवरच्या हुकमतीची आहे. नुसत्या घाईला ती कुणी दिली नसती.

इथवर मुलगा खुशीत वाचत असेल. तेव्हा आता थोडं त्याच्याशी.

बाळा, तुझ्या दोन्ही क्लिप मी ऐकल्या, आणि ज्याला मेटल कळतं अशा माझ्या भाच्यालाही ऐकवल्या. पॅडवरचा वेगाचा सराव स्वच्छ आहे. म्हापशाच्या बॅण्डचं रेकॉर्डिंग मोबाईलवरचं, खरखरीत; त्याची मला अडचण नाही. अडचण मधल्या संथ भागात आहे. तिथे तुझी लय सुटते. दर चौथ्या आवर्तनाला तू पुढे पळतोस, स्नेअर ड्रमचा ठोका कधी जोरात पडतो, कधी घाबरत. याला तू आत्मा म्हणतोस, मी त्याला कच्ची तयारी म्हणते. फेनरिझनं अवघड ते आधी वाजवलं आणि मग सोडलं. ज्याच्याकडे सोडायला काही आहे, त्याच्या साधेपणाला वजन येतं. आपल्याकडे विलंबित ख्याल गाणाऱ्याला द्रुत ताना घेणाऱ्यापेक्षा हलका कुणी म्हणत नाही, कारण दोन मात्रांमधल्या मोकळ्या जागेत लपायला काही नसतं. बाबांच्या वहीचा राग तू वेगावर काढतो आहेस. वेगानं तुझं काही वाकडं केलेलं नाही.

डेथ या बॅण्डचं तू नक्कीच ऐकलं असशील. त्यांचा म्होरक्या चक शुल्डिनर, त्याचा १९८७ मधला पहिला अल्बम घे, आणि जीन होग्लन ड्रमवर असलेला १९९५ चा घे. आठ वर्षांत तंत्र किती वाढलं बघ. होग्लनला लोक घड्याळाची उपमा देतात, तरी त्याच्या वाजवण्यानं गाण्यातली हुरहूर कुठे कमी झाली? उलट अधिक स्पष्ट ऐकू यायला लागली. शुल्डिनर २००१ मध्ये ३४ व्या वर्षी मेंदूच्या कर्करोगानं गेला. आजही लोक त्याच्याबद्दल बोलतात तेव्हा बीपीएम कुणी सांगत नाही, आणि त्याला वाजवता येत नव्हतं असंही कुणी म्हणत नाही.

पुन्हा तुमच्याकडे. कोर्सचं विचारलंत. परदेशाचा विषय या वर्षी बंद करा. गॅरेजच्या पगारावर कर्ज काढून, दुखऱ्या पायानं आणि बापाच्या आकड्यासाठी कुणी परदेशी संगीत शिकायला जाऊ नये. आठवी ग्रेड चांगली परीक्षा आहे, पण ती पदवी नव्हे आणि नोकरीही नव्हे; मुलाला हवी तेव्हा देऊ द्या. कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवतात, तिथे एकदा घेऊन जा आणि तुम्ही बाहेर थांबा. जेईई, फर्मागुडीचं इंजिनीअरिंग कॉलेज वगैरे रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. तुमच्याकडून जवळ म्हणजे मयेचं पॉलिटेक्निक. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर पुढे ध्वनितंत्राकडेही वळता येतं, पण आवड आहे का हे त्याला विचारा, मला नको.

गोव्यात ड्रमर पोट भरतो तो लग्नांत, हॉटेलांत, तियात्राच्या (कोंकणी नाटकाच्या) बॅण्डमध्ये. तिथे २६० कुणी मागत नाही. गायकाच्या आवाजाखाली वाजवता येतं का, वेळेवर येतोस का, रात्री दोन वाजता पाचव्यांदा तेच गाणं नीट वाजवशील का, एवढं बघतात. मेटलवर घर चालवणारे फार थोडे, परदेशातसुद्धा. तेव्हा मुलाचा पोस्टवाला बेत तुमच्या बेतापेक्षा भक्कम आहे, हे मला नाइलाजानं सांगावं लागतंय.

तुम्ही यंत्रावरचे, म्हणून एक किस्सा खास तुमच्यासाठी. ब्लॅक सॅबथ या बॅण्डचा गिटारवादक टोनी आयोमी आधी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी तीच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, गिटारला हलक्या तारा चढवल्या, पुढे त्या सैल सोडून सूर खाली उतरवला. मेटलचा जड आवाज बराचसा तिथून आला. कामगाराची अक्कल आहे ती. तुमच्या मुलात ती तुमच्याकडून आली असेल तर त्याच्या किटचं पेडल, स्प्रिंग, बेअरिंग दोघांनी मिळून खोलून बघा. त्या तासात आकडा विचारू नका.

राहिली नडगी. तुम्ही 'कारण सांगून' असं लिहिलंत, तिथे मी थांबले. सहा महिन्यांत १८० वरून २३० वर नेलेला पाय दुखतो तेव्हा तो कारणं सांगत नसतो. डबल पेडल आजपासून बंद, आणि याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरकडे जा. जाताना वही बरोबर न्या. कोणत्या तारखेला वेग किती वाढवला ते सगळं तिच्यात आहे, दुखणं कधी सुरू झालं ते मुलगा सांगेल. दोन्ही समोर ठेवलं की डॉक्टरांचं काम सोपं होईल. नंतर वही त्यांच्याकडेच राहिली तरी चालेल.