दोन सर्व्हर, एकच खोली

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि धंदा

प्रश्न : ताई, वागळे इस्टेटमध्ये आमचं औषधांच्या होलसेलचं ऑफिस आहे, गोडाऊन नवी मुंबईत तुर्भ्याला. बिलिंग, स्टॉक, उधारी सगळं एकाच सर्व्हरवर. मागे त्याची पॉवर सप्लाय जळाली आणि दीड दिवस बिलं हाताने फाडावी लागली. आता व्हेंडरने दोन सर्व्हर आणि एका सामायिक स्टोरेजचं कोटेशन दिलंय. म्हणतो, 99.99 टक्के वेळ चालू राहील, बॅकअपचंही टेन्शन नको. शिवाय डीआर (डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे मोठ्या आपत्तीनंतर काम पुन्हा सुरू करायची सोय) म्हणून तिसरा सर्व्हर तुर्भ्याला ठेवू म्हणतो. एवढा खर्च करावा का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : ‘बॅकअपचं टेन्शन नको’ या वाक्यावर आधी लाल पेन फिरवा. दोन सर्व्हर जोडले की एक बसला तर दुसरा काही मिनिटांत काम उचलतो, हे खरं. पॉवर सप्लाय जळाली तेव्हा तुमचा दीड दिवस वाचला असता. पण डेटा दोघांचा एकच. कुणी चुकून उधारीची नोंद उडवली, तर दुसरा सर्व्हरही ती उडालेलीच दाखवणार. रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर दोघेही एकदमच बसणार.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. 27 जून 2017 ला ‘नॉटपेट्या’ व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर बसवली, त्यात जेएनपीटीतलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. लॉगिन सांभाळणारे त्यांचे सर्व्हर देशोदेशी होते आणि एकमेकांशी सतत ताळमेळ ठेवून होते. एक गेला तर दुसरा आहे, हा भरवसा. व्हायरस सगळ्यांवरच फिरला. घानामधला एक तेवढा वाचला, कारण नेमकी तेव्हा तिथे वीज गेलेली होती! त्या एका प्रतीच्या जोरावर पुढची उभारणी झाली: 4,000 सर्व्हर आणि 45,000 पीसी नव्याने. म्हणून एक प्रत तरी अशी हवी, जी रोज बॅकअप झाल्यावर नेटवर्कमधून सुटी होते. दोन हार्ड डिस्क घ्या, आलटूनपालटून लावा, एक कायम ऑफिसबाहेर.

आता ते 99.99. याचा अर्थ वर्षभरात जेमतेम 53 मिनिटं बंद. 99.9 म्हटलं तर पावणेनऊ तास. आकडा बहुधा सर्व्हरपुरता असतो. दोन्ही सर्व्हर एकाच यूपीएसवर, एकाच नेटवर्क स्विचवर, त्याच स्टोरेजवर असतील तर तो कागदावरच राहतो. स्टोरेज बसलं की दोन्ही सर्व्हर नुसते दिवे लावून उभे. ब्रॉडबँड दोन घेतलेत तरी दोन्ही वायरी एकाच खांबावरून येतात का, हे खाली उतरून डोळ्यांनी बघा. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाचे खड्डे पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

तुर्भ्याचा सर्व्हर? आग, चोरी, ऑफिसात पाणी शिरणं, एवढ्यासाठी चांगला. पण 12 ऑक्टोबर 2020 आठवा. कळवा-पडघा भागातल्या 400 केव्हीच्या वाहिन्या ट्रिप झाल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदमच अंधारात. मी तेव्हा महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये होते. जनरेटर लगेच उचलले, पण पुढचा सगळा वेळ आमचं लक्ष स्क्रीनपेक्षा डिझेलच्या टाकीवर. तुमच्या गोडाऊनमध्ये जनरेटर आहे का? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही ठाण्याच्या खाडीच्या अलीकडे-पलीकडे असा भेद पावसाने केला नव्हता. म्हणून डेटाची एक प्रत या पट्ट्याच्या बाहेर असू द्या, पुण्यात किंवा दूरच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवर.

तरीही खर्चाचा आकडा व्हेंडरने नाही, तुम्ही ठरवायचा. दोनच गोष्टी विचारा, पण काउंटरवरच्या माणसाला विचारा. बिलिंग किती वेळ बंद चालेल? आणि किती तासांच्या नोंदी पुन्हा हाताने भरायची तयारी आहे? औषधांच्या बिलावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी लागते, त्यामुळे दीड दिवसाची हातबिलं मागून चढवणं म्हणजे काय, हे तो तुमच्यापेक्षा चांगलं सांगेल. अर्धा दिवस चालत असेल तर माझ्या मते दोन सर्व्हरची जोडी सध्या नको. एक बरा सर्व्हर, सुटी पॉवर सप्लाय कपाटात, दर तासाला बॅकअप, बाहेर एक प्रत, आणि छापील बिलबुकं. जोडी घ्यायचीच असेल तर व्हेंडरला एक विचारा: दोघांमधली वायर तुटली तर काय होईल? दोघेही स्वतःला मुख्य समजले, तर एकाच नंबरची दोन बिलं निघतील. दोघांपैकी मुख्य कोण, या निवाड्याला तिसरा साक्षीदार लागतो, म्हणजे कौल देणारं वेगळं तिसरं यंत्र. उत्तर देताना तो अडखळला तर कोटेशन परत करा.

प्रश्न : आमचं अॅप क्लाउडवर, मुंबई रीजनमध्ये (क्लाउड कंपनीच्या मुंबईतल्या डेटा सेंटरांत) आहे. मग डीआर लागतो का?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : लागतो. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं. ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते, त्यांचा डेटा कायमचा गेला. मुंबईतल्या दोन वेगळ्या झोनमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या डेटा सेंटरांत, अॅप चालवलंत की एका इमारतीची आग निभावते. पुढची पायरी दुसरा रीजन. एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउडचा हैदराबाद रीजन 2022 पासून आहे. तिथे पूर्ण अॅप चालू ठेवायची गरज नाही, डेटाबेसची प्रत आणि सर्व्हर आपोआप उभे करणाऱ्या स्क्रिप्ट (लिहून ठेवलेल्या आज्ञा) पुरेत. बॅकअप मात्र वेगळ्या खात्यात ठेवा. मुख्य खात्याचा पासवर्ड चोरीला गेला तर चोर आधी बॅकअपच पुसतो.

प्रश्न : रिस्टोअरचा, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत उभा करायचा, सराव किती वेळा करावा?
(एक वाचक, नेरूळ)

उत्तर : तीन महिन्यांतून एकदा, शनिवारी काम संपल्यावर. रिकाम्या मशीनवर, आणि रोजच्या सिस्टिमवाल्याला हात न लावू देता, दुसऱ्याकडून. तेव्हा कळतं की बॅकअपचा पासवर्ड त्याच सर्व्हरवरच्या एक्सेल फाइलमध्ये होता, सॉफ्टवेअरचा लायसन्स डाँगल (ज्याशिवाय ते चालत नाही तो यूएसबीचा तुकडा) जुन्या मशीनच्या मागे अडकलेला आहे, आणि ओटीपी येतो तो मोबाइल गावी गेलेल्या अकाउंटंटकडे. फाइल उघडली एवढ्यावर थांबू नका, कालचं शेवटचं बिल काढून छापील प्रतीशी ताडून पाहा. घड्याळही लावा. सात तास लागले, तर मालकाला ‘दोन तासांत सुरू होईल’ असं सांगू नका.