वाचकांचे प्रश्न : चढाईच्या दिवशी स्टिअरिंग नको

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवसांची सुट्टी मिळणार असून दोन गाड्यांतून घाटमाथ्यावर जाण्याचा बेत आखला आहे. माझी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी साधी एसयूव्ही आहे; मेहुण्यांकडे फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी, थार आहे. पहिल्या दिवशी पहाटे चारला निघून कळसूबाई आणि संध्याकाळी सांधण दरी, दुसऱ्या दिवशी रतनगड करून मुक्कामाला हरिश्चंद्रगड, तिसऱ्या दिवशी कोकणकडा पाहून माळशेज, चौथ्या दिवशी नाणेघाट आणि परत, असा क्रम ठरला आहे. वाटेत शक्य तिथे ऑफ-रोडिंगही करायचे आहे. सोबत अकरा वर्षांचा मुलगा आणि चौसष्ट वर्षांची आई आहे. आईचे गुडघे दुखतात. हा बेत जमेल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : जमणार नाही, आणि त्याचे कारण आपली गाडी किंवा आईचे गुडघे हे नाही. आपल्या बेतात ठिकाणे मोजलेली आहेत, पण उजेडाचे तास मोजलेले नाहीत आणि गाडी चालवणारा माणूसही मोजलेला नाही. डिसेंबरअखेरीस आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. बारी गावातून कळसूबाई चढायला साधारण तीन ते साडेतीन तास, उतरायला अडीच तास आणि माथ्यावरचा अर्धाएक तास धरला, तर तेवढ्यातच दिवस सरतो. पहाटे चारला मुंबई सोडलेला, म्हणजे तीनला उठलेला, १६४६ मीटर उंचीचे राज्यातील सर्वोच्च शिखर चढून उतरलेला माणूस संध्याकाळी सांधणच्या तोंडाशी असलेल्या साम्रद गावाच्या अरुंद रस्त्यावर गाडी हाकणार आणि नंतर काळोखात दरीत उतरणार, हे कागदावर शोभते; प्रत्यक्षात त्याच्या पायांत गोळे आलेले असतात आणि क्लच दाबतानाही मांडी थरथरते.

हे मी ऐकीव सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी हरिश्चंद्रगडावरून तोलार खिंडीने खिरेश्वरला उतरून, चहा पिऊन, त्याच संध्याकाळी मी मुंबईकडे निघालो होतो. माळशेज उतरेपर्यंत सावध होतो, कारण घाट माणसाला जागे ठेवतो. मुरबाडच्या अलीकडे रस्ता सरळ झाला आणि डोळा लागला. गाडी रस्त्याकडेच्या मुरुमाच्या ढिगात शिरून थांबली, म्हणून हे सदर लिहायला मी शिल्लक आहे. तेव्हापासून माझ्या सहलींना एकच नियम आहे: गाडी चालवून मग चढावे, पण चढून उतरल्यावर त्या दिवशी पुन्हा स्टिअरिंगला हात लावू नये. आपल्या चार दिवसांची फेरमांडणी मी याच नियमावर करतो आहे, त्यामुळे काही नावे गळतील.

पहिल्या दिवशी पहाटेची धावपळ नको. सकाळी साडेसहाला निघावे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून भिवंडीजवळच्या आमणे येथून थेट इगतपुरी गाठता येते, आणि कसारा घाटातली ट्रकांची रांग टळते. मात्र या मार्गावर थांबायला जागा मोजक्याच आहेत, हे लहान मुलगा सोबत असताना लक्षात ठेवावे. घोटीला टाकी पूर्ण भरावी, रोख पैसे काढावेत आणि भंडारदऱ्याला दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचावे. दुपार जलाशयाच्या फेरीला द्यावी: शेंडी या धरणाशेजारच्या गावाहून रतनवाडी, तिथले अमृतेश्वराचे मंदिर, पुढे साम्रद, घाटघर आणि पुन्हा शेंडी. पावसाळ्यानंतर हा रस्ता तुकड्यातुकड्यांनी उखडलेला असतो, त्यामुळे आपल्या दोन्ही गाड्यांची आणि चालकांची पहिली परीक्षा इथे विनासायास होते. अमृतेश्वराचे कोरीवकाम आणि १९२६ साली पूर्ण झालेले प्रवरेवरचे विल्सन धरण आईंनाही चढण न चढता पाहता येईल.

दुसरा दिवस कळसूबाईचा. पहाटे पाचला विजेरी घेऊन बारीतून चढायला लागावे, कारण नाताळच्या सुट्टीत नऊनंतर लोखंडी शिड्यांवर चढणारे आणि उतरणारे एकमेकांना अडवून उभे असतात. मुलाला शिडीवर मोठ्या माणसाच्या पुढे ठेवावे, मागे नव्हे, म्हणजे पाय घसरल्यास खाली आधार असतो. एका प्रौढाने आईंसोबत मुक्कामी थांबावे, आणि बारी ते शेंडी हे परतीचे थोडे अंतरही त्यानेच चालवावे. दुपारी झोप काढावी. सांधणचा मोह इथे होईल, पण तो आवरावा. दरीतल्या मोठमोठ्या शिळांवरून उतरणे आणि गार पाण्याच्या डोहांतून जाणे हा स्वतंत्र दिवसाचा उद्योग आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला शेंडी सोडून राजूरमार्गे पाचनईला जावे. हरिश्चंद्रगडाच्या सर्व वाटांमध्ये पाचनईची वाट सर्वांत सोपी असून अडीच-तीन तासांत मंदिरापाशी पोहोचता येते. नळीची वाट किंवा साधले घाट या अवघड वाटांची नावे मेहुण्यांनी काढली, तर त्यांना सरळ नकार द्यावा. हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, चार खांबांपैकी एकच शाबूत राहिलेली केदारेश्वराची लेणी आणि तिथले छातीभर गार पाणी पाहून कोकणकड्यावर जावे. या कड्याचा माथा पुढे झुकलेला आणि खालचा भाग आत गेलेला आहे, त्यामुळे काठावर उभे राहून खाली पाहण्यात काही अर्थ नसतो. पालथे पडून, कुणीतरी पाय धरलेले असताना पाहावे, तेव्हाच त्याची अंतर्वक्र वाटी दिसते. सुगंधी फवारे मारून किंवा धूर करून जाऊ नये. सह्याद्रीतल्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. तिथला सूर्यास्त प्रसिद्ध आहे हे खरे, परंतु सूर्यास्त पाहिला की उतरण काळोखात होते. आपण अडीचला परत फिरावे, साडेपाचच्या आत पाचनईत असावे आणि गावातच कुणाकडे मुक्काम करावा. पिठले-भाकरी चांगली मिळते. आधी फोनवर सांगून ठेवावे. आईंना हा दिवस पाचनईच्या अंगणात उन्हाला बसून काढता येईल.

चौथ्या दिवशी कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूर असे करत माळशेजवरून मुरबाड, कल्याण आणि घर. रात्रभर झोपलेला चालक असेल, तर हा रस्ता सुंदर आहे. ऊसतोडीचा हंगाम असल्याने ओतूरच्या बाजूला उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या भेटतील. त्यांना मागे दिवा नसतो, आणि मी काळोखात गाडी चालवू नका असे पुन्हा पुन्हा म्हणतो त्याचे निम्मे कारण त्या ट्रॉल्या आहेत. कोतूळचा उल्लेख निघाला म्हणून आणखी एक. जानेवारी २०२१ मध्ये याच परिसरात, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या पुलावर मोबाइलमधील नकाशाच्या भरवशावर रात्री एक गाडी गेली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. नकाशा जवळचा रस्ता दाखवू लागला, की गावातल्या टपरीवर काच खाली करून विचारावे. शक्यतो दोघांना विचारावे, कारण पहिला माणूस मोटारसायकलच्या हिशेबाने सांगतो.

रतनगड, सांधण आणि नाणेघाट गळले. त्यांच्यासाठी जानेवारीत पुन्हा जावे. तेव्हा गर्दीही कमी असते.

आता ऑफ-रोडिंग. आपल्या मार्गाचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९८६ पासून संरक्षित आहे, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू असलेल्या जागी रस्ता सोडून गाडी घालणे हा पराक्रम नसून गुन्हा आहे. आपल्या सहलीत ‘ऑफ-रोडिंग’ या शब्दाचा अर्थ एवढाच घ्यावा: गावकरी वापरतात त्या अस्तित्वात असलेल्या कच्च्या रस्त्यावरून, गाडी आणि रस्ता दोन्ही न मोडता जाणे. तेवढ्यातही कौशल्याला भरपूर वाव आहे.

कच्चा रस्ता लागला की थार पुढे आणि आपली गाडी मागे, हा क्रम ठेवावा. मागची गाडी अडकली तर पुढच्या गाडीला सुरक्षित जागी थांबून दोर लावता येतो. थारच्या चालकाने कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून फिरू नये, कारण पुढच्या-मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळे अंतर कापायचे असते आणि घट्ट पकडीच्या रस्त्यावर तो ताण गिअर यंत्रणेवर येतो. माती, खडी किंवा चिखल लागल्यावरच ते लावावे. आपल्या गाडीत ती सोय नाही, म्हणून चढणीवर अर्ध्यात थांबायची वेळ येऊ देऊ नये. आधी उतरून चालत जाऊन वाट पाहावी, मोठे दगड बाजूला करावेत, कुठले चाक कुठून न्यायचे ते ठरवावे आणि मग पहिल्या गिअरमध्ये एका लयीत चढावे. दगड दोन चाकांच्या मधून काढण्याची शहरी सवय इथे नडते, कारण गाडीचे पोट त्यावर आपटते. छोटा दगड चाकाखालीच घ्यावा. लांबचा दगडमातीचा पट्टा असेल, तर टायरमधील हवा ३३ पीएसआयवरून पंचवीस-सव्वीसपर्यंत उतरवल्याने पकड वाढते आणि हिसके कमी होतात. मात्र डांबरावर येताच ती पुन्हा भरलीच पाहिजे, म्हणून सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप सोबत हवा. कमी हवेचे टायर वेगात तापतात आणि फुटतात.

उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवणारे महाभाग प्रत्येक घरात असतात. आपल्या घरातील शोधून त्याला मागच्या सीटवर बसवावे. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिन गाडीला रोखून धरते आणि ब्रेक तापून निकामी होत नाहीत. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्या गाडीने थांबून वाट द्यायची असते. हा शिष्टाचार आहेच, शिवाय रस्त्याचा नियमही आहे.

डिसेंबरात ओढे फारसे वाहत नसतात, तरी पाणी आडवे आलेच तर आधी काठीने खोली पाहावी. निम्म्या चाकापेक्षा पाणी वर असेल तर आपली गाडी घालू नये. घातल्यावर गिअर बदलू नये. आणि पाण्यात इंजिन बंद पडले तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, कारण सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि इंजिनातला कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. पलीकडे गेल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून ते वाळवावेत.

निघण्यापूर्वी घरच्या पार्किंगमध्ये एक तालीम करावी. स्टेपनी आहे का, असल्यास ती पूर्ण मापाची आहे का आणि तिच्यात हवा आहे का, ते पाहावे. ट्यूबलेस टायरचे छिद्र बुजवता येते, पण दगडाने बाजूची भिंत चिरली तर स्टेपनीशिवाय उपाय नसतो. टो-हूक, म्हणजे गाडी ओढण्याचा दोर अडकवायची कडी, बंपरमागच्या झाकणाआड स्क्रूने बसवायचा असतो, आणि तो कुठे ठेवला आहे हे पुष्कळ मालकांना गाडी अडकल्यावर कळते. गाडी ओढताना दोराच्या रेषेत कुणीही उभे राहू नये. चालण्यासाठी माणशी तीन लिटर पाणी, ओआरएस, डोक्याला बांधायची विजेरी, वारा अडवणारे जाकीट आणि आधी वापरून मऊ झालेले बूट एवढे पुरे. संपर्क बहुतेक ठिकाणी तुटतो, म्हणून घरी एकाकडे मुक्कामांची यादी आणि परतीची वेळ लिहून द्यावी. फोन लागेल तिथून ११२ आणि १०८ हे क्रमांक आहेतच.

प्रश्न : आमच्याकडे गाडी नाही. ओळखीतल्या एकाची फोर बाय फोर दिवसाच्या भाड्याने घ्यावी का?
— एक वाचक, दादर

उत्तर : पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे-घेणे बेकायदेशीर आहे, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी नेमका तोच मुद्दा काढते. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या अधिकृत गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. तशी गाडी घेतानाही करारपत्र वाचावे. कच्च्या रस्त्यावर नेण्यास मनाई करणारे कलम बहुधा मधल्या पानावर असते. भंडारदऱ्याच्या परिसरासाठी साधी गाडी पुरते, हे वरच्या उत्तरावरून लक्षात आले असेलच.

प्रश्न : साताऱ्याकडच्या सड्यांवर पावसाळ्यानंतर गाडी घालता येते का? मोकळे पठार दिसते, नुकसान काय होणार?
— एक वाचक, वसई

उत्तर : घालू नये. सड्यावर कातळावरचा मातीचा थर काही ठिकाणी बोटभरच असतो, आणि फुलणाऱ्या वनस्पतींचे पुढच्या वर्षीचे बी आणि कंद त्या बोटभर मातीतच असतात. चाकाचा एक चर पडला की पुढच्या पावसात तिथली माती वाहून जाते आणि कातळ उघडा पडतो. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथे पायी फिरण्यावरही बंधने आहेत. आजूबाजूच्या ज्या सड्यांवर कुंपण नाही, त्यांची मातीही तितकीच पातळ आहे. गाडी रस्त्याकडेला लावून कातळाच्या उघड्या पट्ट्यावरून चालत जावे.