सह्याद्री हिमालयासारखा घडलेला नाही

प्लेट टेक्टॉनिक्स, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठे तुकडे (प्लेट) कसे सरकतात याचं शास्त्र, नव्याने शिकताय, तर पुण्यात हमखास होणारी एक गल्लत आधी टाळा: सह्याद्री टकरीतून उभा राहिलेला नाही. टकरीचा पर्वत हिमालय. तिथे भारतीय प्लेट वर्षाला साधारण ५ सेंमी उत्तरेकडे सरकत युरेशियन प्लेटला भिडते आणि खडकांना वळ्या पडतात.

आपल्याकडचे लाव्ह्याचे थर जवळपास आडवेच आहेत. सिंहगडाच्या घाटात रस्त्यासाठी कापलेला खडक जवळ जाऊन बघा. लाव्हाथराचा खालचा भाग घट्ट, काळा. वरचा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र, त्या पोकळ्यांत बऱ्याचदा झिओलाइट हे पांढरं खनिज. दोन थरांमध्ये विटकरी पट्टा दिसला तर थांबाच! आधीच्या थराचा माथा उघड्यावर झिजून लाल झाला आणि पुढच्या लाव्ह्याखाली गाडला गेला, त्याची ती खूण.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय प्लेट रियुनियन हॉटस्पॉटवरून (खोलातून तप्त खडक वर येणारी जागा) जाताना हा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, ओतला गेला. पुढे सेशेल्स बेटांचा तुकडा तुटून दूर गेला, पश्चिमेची तुटकी कड झिजत मागे हटली. तोच आजचा घाटमाथा.

प्लेटच्या कडेपासून लांब आहोत म्हणून भूकंप होत नाहीत, असंही धरू नका. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का ६ रिश्टरच्या वरचा होता.