बोटुकली सोडण्याआधी

पोरी,

तुझं पत्र मिळालं. गोदावरीत बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडायचा घाट घातलायस, पाहुणेही ठरलेत म्हणतेस. तो कार्यक्रम रद्द कर. रोहू-कटल्याची बोटुकली सोडली की मासेमारीला भर पडते, तेही चांगलंच. पण त्यानं आपल्या नदीतले मूळचे मासे परत येत नाहीत.

ते बघायला रामकुंडावर नको, इगतपुरीकडच्या ओढ्यांवर जा. एखादा मळ्या मासा ओंजळीत उलटा करून बघ. खालच्या ओठामागे चकती दिसेल. तिच्या जोरावर तो धावत्या पाण्यात दगडाला धरून राहतो. दारणा नदीच्या अंगानं असाच एक चिमुकला मासा आहे, पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटेरी. १९३८ साली देवळालीहून त्याची शास्त्रात नोंद झाली. आज तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. असल्या माशाला गोट्यांचा तळ आणि वाहतं पाणी लागतं. म्हणून ओढ्यातले गोटे-वाळू उपसणारा ट्रॅक्टर मला बाहेरून आणलेल्या तिलापिया माशापेक्षा जास्त खुपतो.

चढणीच्या माशांचंही तेच. पहिल्या पावसात गाबोळीनं भरलेले मासे उलट्या धारेनं वर चढतात आणि नेमके तेव्हाच सापडतात. गावात जाऊन ‘मासे धरू नका’ म्हणशील तर कोणी दारात उभं करणार नाही. पहिल्या सरींचे थोडे दिवस एकच ओढा मोकळा सोडा, एवढंच माग. कोणता, ते तिथल्या आज्या सांगतील.

आता तिलापिया. तो १९५२ साली देशात आणला. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे मोठ्या धरणातून त्याचं बी संपवणं जवळजवळ अशक्य. आपला हात पोचतो तो द्राक्षबागांच्या शेततळ्यांपर्यंत. तिथे हौसेनं सोडलेला तिलापिया तळं ओसंडलं की ओढ्यात आणि तिथून नदीत जातो. सांडव्याला बारीक जाळी बसव. मे महिन्यात तळं आटलं की उरलेलं डबकंही उपसून पिल्लू न् पिल्लू वेच. विष मात्र घालू नकोस, कोणी कितीही सुचवलं तरी. थाई मांगूर हा परदेशी मासा दिसला तर मत्स्यव्यवसाय विभागाला कळव. त्याच्या पालनावर बंदी आहे, आणि तो ओल्या रानातून सरपटत जातो, जाळीला जुमानत नाही.

बॅनरचे पैसे जाळीला लाव. पाहुण्यांना मेमध्ये शेततळ्यावर बोलाव, चिखलात उतरायचे कपडे घालून या म्हणावं.

तुझा,
काका