पुण्यातली आयटीची नोकरी सोडून सांगलीतल्या हेल्थ-टेक स्टार्टअपमध्ये यावं का? काम कसं असतं?

मी सांगलीत अशाच एका छोट्या कंपनीत आहे. हॉस्पिटल आणि लॅबसाठी सॉफ्टवेअर करतो: ओपीडीचा केसपेपर, बिलं, रिपोर्ट.

पगाराचं आधी उरकतो. पुण्यापेक्षा कमीच मिळेल. वर शेअर्स देऊ म्हणतील. ते साधारण चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं मिळतात आणि वर्षाच्या आत सोडलं तर बहुधा हाती काहीच लागत नाही. तेव्हा त्यांच्या भरवशावर गृहकर्ज काढू नका.

खरा फरक कामात आहे. पुण्यात क्लायंटशी गाठ पडते ती तिकिटातून, म्हणजे सिस्टिमवर नोंदवलेल्या तक्रारीतून. इथं तो मिरजेत बसलेला असतो आणि सिस्टिम अडली की सरळ तुमच्या मोबाईलवर फोन करतो. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून मिरज दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातल्या अथणी, जमखंडी, विजापूरकडचे पेशंट रेल्वेनं, एसटीनं येतात. सकाळी अकराला ओपीडीच्या काउंटरपुढं उभे राहा, निम्म्या रिक्वायरमेंट तिथंच कळतील.

एक उदाहरण देतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये जन्मतारीख सक्तीची असते. म्हाताऱ्या आजींना ती कुठून माहीत असणार? काउंटरवरच्या एक ताई मला म्हणाल्या, "वय इचारलं की 'असंल साठ-सत्तर' म्हणत्यात. मग मी काय पंचांग काढून बसू? मागं रांग बघा की!" त्या बिनदिक्कत एक जानेवारी टाकतात आणि पुढचा नंबर घेतात. आता नाव सुनंदा पाटील, जन्म एक जानेवारी, अशा कितीतरी बायका तुमच्या डेटाबेसमध्ये. नाव आणि तारीख जुळली की पेशंट तोच, असं लॉजिक कुणी लिहिलं, तर एकीची औषधाची अॅलर्जी दुसरीच्या केसपेपरवर जाते. त्यापेक्षा 'अंदाजे वय' असा वेगळा रकाना आणि सोबत गावाचं नाव ठेवलेलं बरं.

मोबाईल नंबरचंही तसंच. कित्येक घरांत दवाखान्यात सांगायचा नंबर एकच, तोही नातवाचा नाहीतर सासऱ्यांचा. सुनेचा प्रेग्नन्सीचा रिपोर्ट तिच्याआधी सासऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर पोचला तर त्याला फीचर म्हणायचं का? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला, पण कायदा नसता तरी हे चुकीचंच. रिपोर्ट कुणाला पाठवायचा हे पेशंटला विचारणारा एक प्रश्न घालायला मला दोन तास पुरले, मालकांना पटवायला बरेच दिवस गेले. प्रत्येक जादा प्रश्नानं रांग वाढते, हे त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं.

इंटरव्ह्यूत संस्थापक एआयबद्दल भरभरून बोलतील, आरोग्याच्या नोंदी डिजिटल करायच्या सरकारी आयुष्मान भारत डिजिटल मिशनबद्दलही. त्यातला आभाचा, म्हणजे पेशंटच्या डिजिटल आरोग्य-ओळखीचा, १४ आकडी नंबर ही कल्पना माझ्या मते चांगलीच आहे. पण तो आधारवरून काढायचा तर ओटीपी येतो आधारला जोडलेल्या मोबाईलवर, आणि तो मोबाईल घेऊन मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत ड्युटीवर गेलेला असतो. अशा वेळी तुमचं सॉफ्टवेअर काय करतं, हे त्यांना विचाराच. उत्तर तयार असेल तर त्यांची माणसं ओपीडीत बसलेली आहेत असं समजा.

आणखी दोन गोष्टी विचारा. किती हॉस्पिटलं दुसऱ्या वर्षीही पैसे भरतात? फुकट डेमोवर चालणारी हॉस्पिटलं त्यात धरू नका. आणि रात्री सिस्टिम बंद पडली तर फोन कुणी घ्यायचा? डॉक्टर निवांत सापडतात ते रात्री, ओपीडी आणि राउंड आटोपल्यावर. त्यामुळे डेमो, मीटिंग, बोलणी सगळं त्या वेळेला. गावाकडं आलो म्हणजे सहाला घरी, असं मनात धरून येणार असाल तर पुणंच बरं.

मी तुमच्या जागी असतो तर आलो असतो, पण डेव्हलपरला काउंटरवर बसू देणाऱ्या कंपनीतच. जॉइन होण्याआधी कन्नड आकडे तेवढे शिकून घ्या. नऊला 'ओंबत्तु' म्हणतात, आणि मोबाईल नंबर बहुधा तिथूनच सुरू होतो.