गोव्यातल्या कॉलेजात वैद्यकीय आणीबाणीसाठी विद्यार्थ्यांचा क्लब काढता येईल का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या विद्यापीठांत विद्यार्थी स्वतः रुग्णवाहिका चालवतात, तसं गोव्यात जमेल का आणि सुरुवात कुठून करायची. मी रुग्णवाहिकेवर ईएमटी, म्हणजे आणीबाणीत उपचार करणारा तंत्रज्ञ, म्हणून काम करतो आणि अधूनमधून कॉलेजांत प्रथमोपचार शिकवायलाही जातो. क्लब जरूर काढा, पण रुग्णवाहिकेचा नाद सोडा.

अमेरिकेत दीडशे-दोनशे तासांचा ईएमटीचा अभ्यासक्रम करून, परीक्षा देऊन, राज्याचा परवाना मिळाल्यावरच विद्यार्थी त्या कामाला लागतो. वर देखरेखीला डॉक्टर असतो. अशा पथकांची राष्ट्रीय संघटना १९९३ पासून आहे. आणि तिथेही सगळ्यांकडे गाडी नसते. कितीतरी पथकांतली पोरं पाठीला पिशवी अडकवून पायी किंवा सायकलवरून पोचतात, रुग्णाला सांभाळतात आणि गावची रुग्णवाहिका आली की तिच्या ताब्यात देतात. आपल्याला उचलण्यासारखं आहे ते एवढंच, आणि तेही थोडं नाही.

गोव्यात १०८ ची सेवा २००८ पासून आहे. गाडी येते, दुचाकीवरचे आमचे लोकही येतात. पण हृदय बंद पडलं की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, आणि तेवढ्या वेळात गाडी कुठूनही निघाली तरी पोचणं कठीण. ती मिनिटं तुमच्या क्लबची.

आता जे कोणी शिकवत नाही ते सांगतो. आमचा निम्मा जीव कॉलेजच्या गेटापासून रुग्णापर्यंत पोचताना जातो. फोनवर पोर सांगतं, ‘कँटीनच्या मागे या.’ पायलटला, म्हणजे आमच्या गाडीच्या चालकाला, काय ठाऊक कुठलं कँटीन? मुख्य फाटकावर आलो तर रुग्ण पलीकडच्या होस्टेलात, आणि तिकडचं फाटक संध्याकाळीच बंद करून वॉचमन चावी घेऊन गेलेला. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही हे वर जायच्या वेळी कळतं. म्हणून क्लबचं पहिलं काम छाती दाबायला शिकणं नव्हे, कॅम्पस पायाखाली घालणं. कुठलं फाटक किती वाजता बंद होतं, रात्री चावी कुणाकडे, कुठल्या जिन्याने स्ट्रेचर उतरतं, पाटीवरचं नाव काय आणि पोरं त्या इमारतीला काय म्हणतात, हे सगळं एका कागदावर उतरवा आणि एक प्रत वॉचमनच्या खोलीत लावा. वॉचमनला क्लबात घ्या. रात्री दोन वाजता तोच जागा असतो, तुमचा अध्यक्ष नाही.

प्रत्यक्ष प्रसंगात कामं वाटलेली हवीत. एकजण १०८ ला फोन लावतो आणि पलीकडून सांगेपर्यंत ठेवत नाही. एकजण फाटकावर उभा राहतो, अंधार असेल तर टॉर्च घेऊन. एक-दोघं रुग्णाजवळ. बाकीच्यांनी गर्दी हटवायची आणि मोबाईल खाली करायला लावायचे. बेशुद्ध मुलीचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत वॉट्सअॅपवर फिरला तर क्लबवर कुणी विश्वास ठेवणार नाही. टीममध्ये मुली हव्यातच, मला वाटतं निम्म्या.

शिकायचं काय? हृदय बंद पडलं तर छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण थकलेला हात खोल जात नाही आणि थकलेल्याला ते कळत नाही. मधूनच आचके दिल्यासारखा श्वास येतो, तो श्वास नव्हे. त्याला फसून थांबू नका. भारतात सामान्य लोकांना नुसती छाती दाबायलाच शिकवतात आणि बहुतेक वेळा ते पुरतं. पण तुमची पोरं समुद्रावर पिकनिकला जाणार. बुडालेल्याला आधी हवा लागते, तिथे तोंडाने श्वास देणंही यायला हवं. एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, मिळवता आलं तर उत्तम. यंत्र स्वतः बोलून पुढचं सांगतं, पण बॅटरी आणि पॅडची मुदत बघणारा माणूस नेमा.

हृदय बंद पडण्याचा प्रसंग मात्र क्वचित येईल. रोज दिसेल ते म्हणजे उपाशीपोटी परीक्षेला आलेली आणि चक्कर येऊन पडलेली मुलगी, फिट येणारा मुलगा, पावसात स्कूटर घसरून सोललेला गुडघा. फिट आली की कांदा हुंगवायचा नाही, चप्पल नाही, दातांत चमचा तर मुळीच नाही. आजूबाजूचं सामान बाजूला करा, झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांवर गेली तर १०८. पठारावरच्या कॅम्पसमध्ये सापही निघतात. चावलेल्या जागी कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हातपाय न हलवता थेट इस्पितळ. पिशवीत हातमोजे, गॉज, पट्ट्या, कात्री, श्वास द्यायचा मास्क, ग्लुकोज. गोळ्या एकही नको, साधी क्रोसिनसुद्धा.

घरचे विचारतील, काही झालं तर पोलीस? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. रस्त्यावरच्या अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण मिळतं. वर्गात कोसळलेल्याला ते लागू होत नाही. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ३० आहे, तेही सद्भावनेने केलेल्या कृतीपुरतंच. म्हणून प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या आणि शिकवलंय तेवढंच करा.

असे क्लब बंद पडतात ते बहुधा एप्रिलमध्ये. तिसऱ्या वर्षाची पोरं परीक्षा देऊन जातात आणि कपाटाची चावी त्यांच्याबरोबर. पहिल्या वर्षाच्या मुलांना जुलैतच घ्या, एनएसएसच्या सरांना बरोबर ठेवा, ड्युटीचा तक्ता परीक्षेचं वेळापत्रक बघून लावा. चवथीच्या सुट्टीत होस्टेलवर कोण कोण राहणार हे आधी विचारून ठेवा. टी-शर्ट पुढच्या वर्षी छापले तरी चालतील.