सिंफनिक प्रोग्रेसिव्ह पॉवर मेटलच्या नव्या श्रोत्यास

वाद्यवृंदाचे सूर, गुंतागुंतीचे ठेके आणि वेगवान गिटार यांचा मेळ घालणारा हा हेवी मेटल संगीताचा प्रकार ऐकताना सुट्या गाण्यांपासून सुरुवात करू नका. पूर्ण अल्बम निवडा आणि तो क्रमानेच ऐका. माझ्या मते पहिली निवड म्हणून 'सिंफनी एक्स' या अमेरिकन बँडचा 2002 सालचा 'द ओडिसी' योग्य ठरेल, कारण त्याचे सुमारे 24 मिनिटांचे शीर्षकगीत होमरच्या महाकाव्यावर बेतलेले असून त्यात वाद्यवृंदाचे सूर, गिटारचे वेगवान तुकडे आणि रसेल ॲलन यांचा दमदार आवाज हे तिन्ही घटक वेगवेगळे ओळखता येतात. पहिल्यांदा कथानक ध्यानात घ्या, नंतर गायन बाजूला ठेवून केवळ ड्रमकडे लक्ष द्या. या संगीतात सात मात्रांचा ठेका आला की नवखा श्रोता गोंधळतो. परंतु तबल्याच्या शिकवणीत सात मात्रांचा रूपक ताल हातावर मोजलेल्या माणसाला तीन-दोन-दोन किंवा दोन-दोन-तीन अशी विभागणी लवकर सापडते.

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात राहणाऱ्यांनी कान पूर्ण झाकणारा हेडफोन अवश्य वापरावा. (तो महागडाच हवा असे मुळीच नाही.) मोबाइलच्या स्पीकरवर बेस गिटार जवळजवळ नाहीशी होते आणि व्हायोलिनचे थर एकमेकांत मिसळून कर्कश वाटतात.

'द ओडिसी'नंतर 'कॅमेलॉट' या अमेरिकन बँडचा 2005 सालचा 'द ब्लॅक हेलो' घ्यावा. मात्र जर्मन साहित्यिक ग्योथेच्या 'फाउस्ट' या नाटकावर आधारलेली त्याची कथा 2003 च्या 'एपिका' या अल्बममध्ये सुरू होत असल्याने आधी तो ऐकणे श्रेयस्कर.